ओ दिली, पण पोचली नाही

मंडळी, मधल्या काळात इथे काही लिहिलं नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग पाहुणे आले, मग आळस आला. पण परवा भाचीने फोनवर विचारलं, "मावशी, तुझ्या टेबलावर ती मीटरची डबी कसली गं? आणि मराठीच्या बाईंच्या वहीत 'पन्नास ओम' काय करतंय?" तिला म्हटलं, लिहिते सविस्तर. गोष्ट २०१९ सालची आहे. मला लिहायला इतकी वर्षं का लागली, ते ओघात कळेलच.

दापोली तालुक्यात मी जवळजवळ तीस वर्षं शिकवलं. मराठी आणि इतिहास. हर्णैच्या बंदरावरची मुलं वर्गात असायची, त्यांतला एक आता स्वतःच्या बोटीवर तांडेल आहे. आपलं नाव कुठे छापून यायला नको म्हणाला, म्हणून इथे मी त्याला तांडेलच म्हणणार आहे. शाळेत असताना हा शेवटच्या बाकावर बसायचा आणि हजेरीला इतक्या हळू आवाजात 'हजर' म्हणायचा, की मी दोनदा गैरहजेरी मांडली होती. पुढे याच गोष्टीची आठवण फार वेगळ्या प्रसंगी आली.

२०१९ च्या नारळी पौर्णिमेच्या आधी तो घरी आला, हातात एक खोकं. नवा व्हीएचएफ सेट घेतला होता, पंचवीस वॉटचा. सोबतचं पुस्तक इंग्रजीत. "बाई, एवढं जरा मराठीत सांगा." मला कोण आनंद! निवृत्त शिक्षकाला कुणी काही विचारलं की तो दिवस दिवाळीचा. मी वही काढली, शब्दकोश काढला, आणि चार दिवस बसून त्याला सुंदर अक्षरात टिपण करून दिलं. १६ नंबरचं चॅनल म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, ते संकटासाठी आणि पहिल्या हाकेसाठी. त्यावर गप्पा मारायच्या नाहीत. संकटात 'मेडे' तीनदा म्हणायचं, मग बोटीचं नाव, मग ठिकाण, मग काय झालंय, माणसं किती. बोलताना बटण दाबायचं, बोलून झालं की सोडायचं, नाहीतर समोरच्याचं ऐकूच येत नाही. हे सगळं मी लिहिलं.

त्या पुस्तकात शेवटी दोन पानं अँटेना आणि केबलची होती. ओम, डेसिबल, एसडब्ल्यूआर. मी बी.ए. मराठी. ती पानं मी उलटली आणि म्हटलं, "हे जोडणीचं आहे, ते फिटर बघेल."

त्याच दोन पानांबद्दल हा लेख आहे.

फिटरने काय केलं ते आम्हाला नंतर कळलं. सेट नवा, पण केबल जुन्या सेटची, पातळ, वीस मीटर लांब. लागत होती त्याहून कितीतरी जास्त. उरलेली केबिनमध्ये गुंडाळून ठेवलेली. छपराखाली, सेटपासून दोनच मीटरवर, ती तुटली होती तिथे पीळ मारून वर काळी चिकटपट्टी. आणि अँटेना कुठल्यातरी गाडीवरचा. काठी ती काठी, असा हिशोब. सेट चालू केला, बंदरातल्या बोटी खणखणीत ऐकू आल्या. बंदरातल्या बंदरात याचंही बोलणं त्यांना गेलं. पैसे दिले, नारळ फोडला, बोट गेली.

मग ऑक्टोबर आला. २५ तारखेला धनत्रयोदशी होती. त्याच सुमारास रत्नागिरीच्या पश्चिमेला समुद्रात वादळ झालं, त्याचं नाव क्यार. पुढे ते किनाऱ्याकडे न येता ओमानच्या दिशेने गेलं, पण जाता जाता कोकणाला वारा-पावसाने झोडपून गेलं. बोटी मिळेल त्या खाडीत शिरल्या. हर्णैच्या बऱ्याच बोटी आंजर्ल्याच्या खाडीत आल्या. तांडेलची आली नाही.

मी बंदरावर गेले तेव्हा त्याची आई जेटीच्या कठड्याला धरून उभी होती. तिचा चुलत पुतण्या खाडीतल्या बोटीवरून सोळा नंबरवर हाका मारत होता. दर पाच मिनिटांनी. उत्तर नाही. सगळ्यांच्या मनात २००९ सालच्या नोव्हेंबरातलं फयान होतं. त्यात कोकणातली कितीतरी माणसं समुद्रातून परत आली नाहीत. तो शब्द कुणी उच्चारला नाही. आई मला म्हणाली, "बाई, नवीन रेडिओ घेतलान ना? तुम्हीच शिकवलंत ना त्याला? मग तो बोलत का नाही?"

मी काय सांगणार? कोस्ट गार्डच्या १५५४ नंबरवर बोटीची माहिती देऊन झाली होती. आकाशकंदील लावायची कुणाला शुद्ध नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. बोट दक्षिणेला जयगडच्या खाडीत सुखरूप शिरली होती. माणसं ओली, उपाशी, पण सगळी शाबूत.

दिवाळी झाल्यावर तांडेल घरी आला. चहा घेतला, आणि मग खाली बघत म्हणाला, "बाई, मला सगळं ऐकू येत होतं. आम्ही पंधराएक किलोमीटरवर होतो. भाऊ नाव घेऊन हाका मारत होता. मी ओ देत होतो. तुमच्या वहीत लिहिलंय तसंच, बटण दाबून, सावकाश. रात्रभर दिली. एकालाही पोचली नाही."

तो मला दोष देत नव्हता. त्याच्या मते सेटच खराब होता आणि तो बदलून आणायला निघाला होता. पण मला त्या दोन पानांची आठवण झाली आणि चहा गोड लागेना.

माझा एक भाचा व्यापारी जहाजांवर रेडिओ ऑफिसर होता. (हे वाचतो आहेसच, तेव्हा चुकलं असेल तर फोन कर, चारचौघांत नको.) त्याला सगळं सांगितलं. त्याने पहिला प्रश्न विचारला, "मावशी, सेट सोड. अँटेना कोणता, केबल कुठली आणि किती लांब?" मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. तो म्हणाला, "सेट हा गळा आहे. गळा चांगला आहे म्हणून आवाज पोचत नाही, तोंडही उघडावं लागतं."

मग मी ती दोन पानं काढली आणि सत्तरी ओलांडल्यावर पहिल्यांदा विज्ञानाचा अभ्यास केला. जे कळलं ते माझ्या भाषेत सांगते.

पहिली गोष्ट अँटेनाची. बोटींचा व्हीएचएफ साधारण १५६ ते १६२ मेगाहर्ट्झमध्ये चालतो. त्या लहरीची लांबी दोन मीटरच्या आत-बाहेर, म्हणजे अर्धी लहर ९५ सेंटीमीटरच्या आसपास. माझी चालायची काठी जवळपास तेवढीच आहे! अँटेना त्या लहरीच्या मापाचा हवा. दुसऱ्या लहरीसाठी बनवलेली काठी दिसायला तशीच असली तरी ती शक्ती बाहेर सोडत नाही, परत पाठवते. शिवाय गाडीवरचा अँटेना बहुधा पाव लहरीचा असतो आणि आपलं अर्धं काम खालच्या लोखंडी टपाकडून करून घेतो. लाकडाच्या किंवा फायबरच्या केबिनवर तो टप कुठून येणार? बोटींसाठीचे अँटेना म्हणून अर्ध्या लहरीचे करतात, त्यांना खाली पत्रा लागत नाही.

दुसरी गोष्ट, लांब अँटेना म्हणजे चांगला अँटेना, हा समज. अँटेनावर ३, ६ किंवा ९ डेसिबल असं लिहिलेलं असतं. अँटेना नवी शक्ती निर्माण करत नाही, आहे तीच वळवतो. लहान अँटेनाभोवती शक्ती पसरते ती मेदूवड्यासारखी, जाडजूड. मोठ्या आकड्याचा अँटेना तो वडा दाबून त्याचं घावन करतो. घावन पातळ आणि लांबवर पसरलेलं. शांत पाण्यात उत्तम. पण बोट लाटांवर डोलायला लागली की घावनाची एक कड समुद्रात आणि दुसरी आभाळात! मेदूवडा कलला तरी थोडा भाग क्षितिजाकडे राहतोच. म्हणून फार डोलणाऱ्या छोट्या बोटीला ३ डेसिबल बरा, मोठ्या आणि स्थिर बोटीला ६. भाच्याने तांडेलच्या बोटीला ३ सांगितला. तांडेलला तो फार बुटका वाटला आणि मला खात्री आहे, त्याला थोडं वाईटही वाटलं.

तिसरी गोष्ट केबलची. सेट, केबल, अँटेना, तिन्ही ५० ओमचे हवेत. टीव्हीची केबल ७५ ची असते, ती इथली नव्हे. आणि केबल वाटेत शक्ती खाते. आर-जी ५८ ही पातळ केबल वीस मीटर लावली तर या लहरींवर ती साधारण ४ डेसिबल खाते. म्हणजे सेटमधून निघाले २५ वॉट, अँटेनापाशी पोचले १०. आर-जी २१३ ही जाड केबल बारा मीटर लावली तर जेमतेम १ डेसिबल जातो, १९-२० वॉट वर पोचतात. खेड्यातल्या पाण्याच्या पाइपसारखंच आहे हे. टाकी मोठी बांधली आणि नळी बारीक, लांब, गळकी घातली, तर शेवटच्या घराला काय मिळणार? पैसे मात्र आपण टाकीवर घालतो, कारण ती दिसते.

आणि चौथी, उंची. या लहरी सरळ जातात, पृथ्वीच्या गोलाईमागे फारशा वळत नाहीत. भाच्याने हिशोब दिला: अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ घ्यायचं आणि त्याला ४.१ ने गुणायचं, तेवढे किलोमीटर त्याचं क्षितिज. चार मीटर उंचीला ८ किलोमीटर, नऊ मीटरला १२. समोरच्याचं क्षितिज त्यात मिळवायचं. समोरचा शंभर मीटर उंच डोंगरावर असेल तर त्याचे ४१. म्हणून वॉट दुप्पट करण्यापेक्षा अँटेना डोलकाठीवर चढवणं स्वस्त आणि बरं.

"पण मग त्याला ऐकू कसं येत होतं?" हा माझा मुख्य प्रश्न होता. भाचा म्हणाला, ऐकायला फार थोडं लागतं. दुसऱ्या बोटींचे अँटेना चांगले होते, त्यांची हाक याच्या वाईट अँटेनालाही पुरली. बोलताना मात्र शक्ती बाहेर घालवावी लागते. ती बाहेर न जाता परत सेटकडे यायला लागली की बरेच सेट स्वतः जळू नयेत म्हणून आपणच शक्ती कमी करतात. वर डोळ्याला काही दिसत नाही. दिवा लागतो, बटण दाबलं जातं, माणूस बोलत राहतो.

तुळशीच्या लग्नानंतर एका दुपारी आम्ही बोटीवर गेलो. मी छत्री घेऊन फळकुटावरून चढले, त्यावर खलाशी पोरं हसली. भाच्याने कुरिअरने मीटर पाठवला होता, स्वतः फोनवर. मीटर सेट आणि केबलच्या मध्ये लावायचा, बटण दाबायचं, काटा बघायचा. १ म्हणजे काहीच परत येत नाही. १.५ ला शंभरातले ४ परत येतात, ३ ला २५. सेट, अँटेना न जोडता बटण कधीही दाबायचं नाही, हे त्याने मला तीनदा सांगितलं, जणू 'मेडे'च.

काटा ३ च्या पुढे गेला.

छपराखालची चिकटपट्टी सोडवली. आत तांब्याची जाळी हिरवीगार झालेली. तो तुकडा कापून जोड नीट केला. काटा २ वर आला. तांडेलचा चेहरा उजळला. मलाही वाटलं, झालं. एकदम सुधारणा!

फोनवरून भाचा म्हणाला, "थांबा. ती वीस मीटर केबल मीटरलाही फसवते आहे." अँटेनाकडून परत येणारी शक्ती वाटेत केबलच खाऊन टाकते, त्यामुळे खाली मीटरपाशी थोडीच पोचते आणि सगळं बरं दिसतं. मीटर वर अँटेनाच्या बुडाशी लावून बघा म्हणाला. एक पोरगा वर चढला, खालून बटण दाबलं. काटा पार पलीकडे जाऊन टेकला. तो अँटेना जवळजवळ काहीच बाहेर सोडत नव्हता.

मी तिथे केबिनमध्ये खोक्यावर बसले. मला वर्गातली काही मुलं आठवली. विचारलं की मान डोलावणारी. 'समजलं का?' 'हो बाई.' आणि मी पुढे जायचे. मान डोलली की माझा मीटर बरा दाखवायचा. परीक्षेत कळायचं, की वरपर्यंत काहीच पोचलं नव्हतं. मी नेहमी त्यांनाच दोष दिला.

नवा अँटेना आला, बोटीसाठीच बनवलेला. जाड केबल, बारा मीटर, अखंड, मध्ये एकही जोड नाही. दोन्ही टोकांची कनेक्टरं नीट सोल्डर करून घेतली. बाहेरच्या कनेक्टरवर स्वतःलाच चिकटणारी रबरी पट्टी ताणून गुंडाळली. केबल केबिनमध्ये शिरते तिथे बाहेर एक झोळ ठेवला, म्हणजे पाणी झोळातून खाली ठिबकतं, केबलवरून आत येत नाही. अँटेना डोलकाठीवर नऊ मीटरवर, बाकीच्या लोखंडापासून दूर. बॅटरीच्या ताराही बदलल्या. ऐकताना सेटला वीज थोडीच लागते, पण पंचवीस वॉटवर बोलताना पाच-सहा अँपिअर लागतात, बारीक गंजक्या तारांतून तेवढी येत नाही. काटा १.३ वर थांबला. वर अँटेनापाशीही जवळपास तेवढाच. या सगळ्याला सेटच्या किमतीपेक्षा बरेच कमी पैसे लागले. सेट तोच राहिला, तो पहिल्यापासून चांगलाच होता.

चार दिवसांनी तांडेल बाहेर गेला. ठरल्याप्रमाणे मी संध्याकाळी त्याच्या चुलतभावाच्या बोटीवर जाऊन बसले. त्याची आईही आली होती, कुणी बोलावलं नव्हतं तरी. तांडेल वीसेक किलोमीटरवर होता. भावाने सोळावर हाक दिली, लगेच ओ आली, मग दोघे दुसऱ्या चॅनलवर गेले. आवाज असा स्पष्ट, की मागे इंजिनाची धडधडही ऐकू येत होती. भाऊ म्हणाला, "बाई बसल्यात इथे, ऐकतायत."

क्षणभर नुसती खरखर. मग मोठ्याने, अगदी सगळ्या केबिनला ऐकू जाईल असं:

"हजर, बाई!"

आई डोळ्याला पदर लावून हसली. माझं काय झालं ते लिहीत नाही.

असो. तेव्हापासून त्या वहीत दोन पानांची भर पडली आहे. बंदरावर तिच्या झेरॉक्स फिरतात, आणि कुणाचा सेट 'बिघडला' की आधी माझ्याकडचा मीटर नेतात. म्हणून ती डबी टेबलावर असते, कळलं का भाचीबाई? आता नवी यंत्रंही येताहेत. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरच्या कार्यक्रमात मासेमारी बोटींवर उपग्रहाशी बोलणारे ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या योजनेची सुरुवात झाली. फार चांगली गोष्ट आहे. तांडेलला मी एवढंच सांगितलं, की त्यालाही अँटेना असेल, तो कुठे आणि कसा बसवतात ते समोर उभं राहून बघ. फिटर बघेल असं म्हणू नकोस.

हे वाक्य मी त्याला सांगू शकते, कारण ते आधी मी म्हटलं होतं. तांडेलने मला त्याबद्दल आजवर एक शब्द विचारलेला नाही. मीच परवा त्याला सांगून टाकलं, की ती दोन पानं मला कळली नव्हती म्हणून मी उलटली होती. तो म्हणाला, "बाई, मला ठाऊक होतं. तुम्ही वाचून दाखवत होतात ना, तेव्हा पान दोनदा उलटलेलं मी बघितलं." मग थोडं थांबून म्हणाला, "मीपण विचारलं नाही."

तुमच्याकडेही अशी उलटलेली पानं असतील, तर लिहा. मी वाचते सगळं, आता दोन्ही डोळ्यांनी.